उजव्या बाजूचं पॅकिंग

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एकदा लागलं होतं, ‘पार्किंगमधील फरशी सर्वांची आहे. तेल ज्याचे त्याने घरी न्यावे.’ खाली कुणाचं नाव नव्हतं. गरजही नव्हती, कारण तेल गळणारी मोटरसायकल सोसायटीत एकच होती आणि ती माझ्या वडिलांची होती.

वडिलांच्या कारखान्यात संगणकावर चालणारी मशिनं आली आणि त्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा नक्की कुणाची, हे त्यांना कुणी विचारलं नाही. ज्या संगणकानं त्यांना घरी बसवलं, त्यानंच मला हिंजवडीत नोकरी दिली आणि हा फ्लॅटही. आई गेल्यावर मी त्यांना विश्रांतवाडीहून माझ्याकडे आणलं. त्यांचं सामान म्हणजे दोन पेट्या आणि ही मोटरसायकल, वयानं माझ्याहून चार वर्षांनी मोठी.

गळती इंजिनाच्या उजव्या झाकणातून होती. झाकणाखालचं पॅकिंग वडील कधी बाजारातून आणत नसत, घरीच कापत. झाकणावर जाड खाकी कागद ठेवायचा आणि छोट्या हातोडीनं कडेकडेनं टकटक करत जायचं. धारेवर कागद आपोआप कापला जातो. मग तो तेलात भिजवायचा, बसवायचा, आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळायचे. लहानपणी, बोल्ट ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं पाटावर मांडून ठेवायचं काम माझं. सगळं झालं की ते इंजिन चालू करत, तेलाच्या टाकीचं बूच काढत आणि मला आत बघायला लावत. इंजिनातून फिरून आलेल्या तेलाची बारीक धार आत पडताना दिसली पाहिजे.

“दिसली?”

“दिसली.”

मगच गाडी बाहेर पडायची.

कोथरूडला त्यांनी दोनदा पॅकिंग कापलं. दोन्ही वेळा खालच्या कोपऱ्यातून थेंब आलाच. झाकणाची कड तिथं ठेचली गेली होती. “काचेवर घासून सपाट करावं लागेल. आठ-दहा दिवस दे मला,” ते म्हणाले.

आठ-दहा दिवस आमच्याकडे नव्हते. दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. आम्ही राहायला आलो तेव्हा दारावरची पंचशीलाची पताका पाहून “अच्छा, अच्छा” म्हणाले होते, ते हेच गृहस्थ.

“राग मानू नका हं, मॅडम. पण वडिलांना सांगा, ही सोसायटी आहे. वस्तीतल्या सवयी इथं आणल्या की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. रविवारपर्यंत गळती थांबली तर ठीक, नाहीतर गाडी बाहेर रस्त्यावर.”

यावर मी काय केलं? हसले. ‘सॉरी’सुद्धा म्हटलं. आम्ही वस्तीत कधी राहिलो नव्हतो, आणि राहिलो असतो तरी याच्या बापाचं काय जात होतं, हे सगळं मला चौथ्या मजल्यावर पोहोचल्यावर सुचलं. राग त्या माणसाचा यायला हवा होता. मला आला तो वडिलांचा.

ऑफिसातल्या एकानं अमेरिकेहून येताना गळती बुजवणाऱ्या सीलंटची ट्यूब आणली होती. लालभडक, टूथपेस्टसारखं, सुकलं की रबर. शनिवारी वडील डोळे तपासायला गेले, तेव्हा मी झाकण उघडलं. ट्यूबवर स्वच्छ लिहिलं होतं, अगदी पातळ थर लावा. मी केकवर क्रीम लावावं तसं लावलं. फरशीवर एक थेंब पडता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. वडील परत आले, त्यांनी वाकून झाकण निरखलं. खरं सांगायचं तर खूश झाले.

“किती लावलंस?”

“पातळच,” मी म्हटलं.

रविवारी सकाळी ते विश्रांतवाडीच्या विहारात वंदनेला निघाले. सेक्रेटरी फरशी बघायला आधीच खाली हजर होते. वडिलांनी इंजिन चालू केलं आणि सवयीनं टाकीच्या बुचाला हात घातला.

“पप्पा, नको ना. परत सांडेल,” मी हळूच म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे. हात मागे घेतला, पँटला पुसला आणि गेले.

येरवड्याच्या अलीकडे इंजिन जाम झालं. तिथून विश्रांतवाडीला जुन्या मित्राच्या गॅरेजपर्यंत त्यांनी गाडी ढकलत नेली, त्या वयात. संध्याकाळी बसनं घरी आले आणि टेबलावर एक कागदाची पुडी ठेवली. आत हरभऱ्याएवढा लाल रबराचा गोळा. त्या झाकणातच तेल पुढे जायचं भोक असतं. बोल्ट आवळताना माझं जास्तीचं सीलंट आत दाबलं गेलं आणि नेमकं तिथं जाऊन बसलं. तेलाविना इंजिन आतून खरवडून निघालं होतं.

मी रडायला लागले. आपण इंजिन नवीन करून घेऊ, मी खोटं बोलले, असं काहीबाही सांगत होते.

“इंजिनाचं सोड,” ते म्हणाले. “बूच उघडलं असतं तर धार नाही हे मला तिथंच कळलं असतं. पंचवीस वर्षं कारखान्यात कुठल्या साहेबाला घाबरून मी तपासणी सोडली नाही. आज तुला माझी लाज वाटली, म्हणून सोडली.”

पुढच्याच महिन्यात त्यांनी विश्रांतवाडीला राहायला एक खोली घेतली. मी अडवलं, पण कोणत्या तोंडानं अडवणार? मोटरसायकल मित्राच्या गॅरेजमागे उभी राहिली, ती त्यांनी पुन्हा उघडली नाही. इकडे सेक्रेटरींनी आमच्या जागेवरची फरशी ॲसिडनं धुवून घेतली.

“आता कसं स्वच्छ वाटतंय, मॅडम!” जिन्यात भेटल्यावर ते म्हणाले.

मी त्यांना ‘थँक यू’ म्हटलं.