भट्टीपाशी गौतमी

सणसवाडीच्या एका कारखान्यात प्लाझ्माच्या दोन भट्ट्या आहेत आणि दोन्ही यवतची गौतमी चालवते. भट्टीतली हवा ओढून घ्यायची, थोडा नायट्रोजन सोडायचा आणि वीज द्यायची. आत जांभळा उजेड पेटतो आणि ट्रॅक्टरच्या गिअरची वरची कातडी अशी कडक होते की वर्षानुवर्षं झिजत नाही. पण गिअरवर तेलकट बोटाचा ठसा जरी राहिला, तरी आत ठिणग्या उडून माल डागाळतो. म्हणून धुतलेल्या गिअरला गौतमी कुणालाच हात लावू देत नाही. साहेबांनासुद्धा नाही.

परवा तिच्या गावचे सोसायटीचे चेअरमन ज्ञानदेव आप्पा चार मंडळींसोबत कारखाना बघायला आले. याच आप्पांच्या वडिलांच्या विहिरीवर गौतमीची आजी झुंबरबाई लांब उभी राहायची आणि कुणी वरून ओतलं तरच ओंजळीनं पाणी प्यायची.

“पोरी, हिथं झाडलोट करतीस व्हय?” असं विचारत आप्पांनी धुतलेल्या गिअरकडं हात नेला.

“आप्पा, हात लावू नका!”

आप्पांचा हात हवेतच राहिला. उभ्या जन्मात त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं.

“लागला तर काय हुतंय?”

“समदं परत धुवावं लागतं.”

हातमोजे सारखे करत गौतमी पेटलेल्या भट्टीपाशी गेली आणि काचेसमोर आप्पांना जागा करून दिली.

“या आप्पा, फुडं या. माझ्या भट्टीपाशी कुणाला लांब उभं राहावं लागत न्हाई.”