मार्चपर्यंत बंद डबा
बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला की आजही मला वर्गात स्वस्थ बसवत नाही. पोशेऱ्याच्या शाळेत मी तिसरीला बचत शिकवत होते. प्रत्येकाचा पैसे साठवायचा पत्र्याचा डबा माझ्या कपाटात, उघडायचा मार्चमध्येच. दिवाळीनंतर एका सकाळी वर्गातली एक मुलगी धापा टाकत दारात आली. रस्त्यावर वीटभट्टीला जाणाऱ्या टेम्पोत तिची आई भांडी चढवत होती. "बाई, माझा डबा दे. आमी भट्टीवर चाललो." उन्हाळ्यात करवंदं विकून जमवलेल्या पैशांनी तिने तो भरला होता. हजेरी घेता घेता मी म्हटलं, "मधेच उघडला तर बचत कसली? मार्चमध्ये घे." मान डोलावून ती पळाली. भट्टीचं काम पावसापर्यंत चालतं, मार्चमध्ये तिथून कोण परततं, हे लक्षात आलं तेव्हा मी डबा घेऊन धावले. टेम्पो वळणाआड गेला होता. ती पुन्हा शाळेत आलीच नाही. डबा माझ्या बदलीबरोबर जव्हारला आलाय, बंदच. तिने निमूट माझं ऐकलं, हेच सलतं.