चढाईआधीचा श्वास

काल आमच्या कॉलनीच्या मैदानावर मुलींची कबड्डी होती. सामना सुरू होण्याच्या थोडं आधी शेजारच्या सुलभाताईंच्या सायलीने पिशवीतून दम्याचा निळा पंप काढला आणि सगळ्यांदेखत तोंडाला लावला.

"अगं, मंडपामागे जाऊन घे की! लोकांना कळलं तर स्थळं येतील का?" सुलभाताई कुजबुजल्या.

सायलीला उत्तर देता येईना. औषध आत ओढून तिने श्वास धरून ठेवला होता, आणि मी बघतच राहिले. काय अजब औषध आहे हे! दम्यात श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. फवारा आत गेला, श्वास जरा रोखला, की औषध तिथे बसतं आणि काही मिनिटांत ती पकड सैल होते. तिचा घरी ठेवलेला दुसरा पंप नळ्यांची सूज उतरवतो, म्हणून तो बरं वाटत असतानाही रोज घ्यायचा. ज्याला श्वास पुरत नाही, त्यालाच हे औषध आधी श्वास धरायला लावतं. आणि कबड्डी तरी दुसरं काय मागते?

सायली चढाईला गेली. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." आवाज तुटेचना! तिघींना शिवून, चौथीच्या हातातून पाय सोडवून तिने मध्यरेषेवर झेप घेतली. मैदान नुसतं दणाणलं. मागून कोणीतरी विचारलं, "कोणाची हो ही पोर?"

इतका वेळ श्वास रोखून बसलेल्या सुलभाताई ताडकन उठल्या आणि ओरडल्या, "माझी! मघाशी पंप घेत होती ना, तीच!"