मूठभर बटाटा

बटाट्यापायी मी बैरागी होता होता वाचलो.

सोलापुरात एका गिरणीच्या हापिसात मी कारकून होतो तेव्हाची गोष्ट. पाळण्यात चार महिन्यांची मुलगी होती आणि कोटाची बटणं लागेनाशी झाली होती. जिना चढताना धाप लागते म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोटावर टिचकी मारून पाहिली (कलिंगड पाहतात तशी!) आणि विचारलं, "जेवता काय?"

"बटाट्याची भाजी."

"आणि तिच्याबरोबर?"

"रताळी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "राव, बटाटा, रताळं, सुरण सोडू नका, पण एका वेळेला मूठभर! बाकी ताटात पालेभाजी, डाळ आणि बेताची भाकरी."

घरी येऊन हे बायकोला सांगण्याचा मूर्खपणा मी केला. चंद्रा जेऊरच्या शेतकऱ्याची लेक, शब्दाची पक्की. दुसऱ्या दिवसापासून ताटात मेथीचा ढीग आणि कोपऱ्यात बटाट्याच्या चार फोडी! मला रडू यायचं बाकी होतं.

सोमवारी मार्ग सुचला. उपास! उपासाला बटाटा चालतो, रताळं चालतं, सुरणही चालतो. आणि उपास म्हणजे न जेवणं. जे जेवणच नाही त्याला डॉक्टरांचा नियम लागेल कसा?

सोमवारामागून गुरुवार आला, मग शनिवार. एकादशी आणि चतुर्थी होत्याच. एखादा मंगळवार मोकळा गेला तर जिवाला चुटपुट लागे. चंद्रा भक्तिभावाने पातेलंभर बटाटे उकडायची. उपाशी माणसाला मूठ मोजून कोण वाढतं? महिन्याभरात माझे गालही वर आले आणि ती बिचारी घाबरली.

"आवं, लई उपास झालं. अंगाला सूज आली की तुमच्या!"

"देवाची इच्छा," मी डोळे मिटून म्हणालो. (तोंडात रताळं होतं.)

त्याच आठवड्यात जेऊरचा एक घोंगडीवाला बाजाराला आला होता. चंद्रा त्याच्यापाशी रडली, की ह्यांनी अन्न टाकलंय. त्याने गावात सांगितलं, की जावई देवाला लागलाय. सासऱ्यांच्या कानावर जाईपर्यंत त्या बातमीत मी भगवी कफनीही घातली होती!

रविवारी सकाळी सासरे दारात हजर. मागे तालमीतले दोन मेहुणे, बाहेर लेकीला न्यायला टांगा. सासऱ्यांनी डोक्यावरचा फेटा काढला आणि माझ्या पायांवर ठेवला.

"जावईबापू, माज्या पोरीचं काय चुकलं सांगा. बैरागी व्हायचं आसंल तर आमी तिला घिऊन जातो. पन ह्या तान्ह्या लेकराकडं तरी बगा की!"

दाराआड चंद्रा हुंदके देत होती. त्या फेट्याकडे मला बघवेना.

"मामा, मी कुठंही जात नाही."

"मग ह्ये उपास कशापायी?"

"मला... बटाटा आवडतो."

"काय?"

मग सगळंच सांगावं लागलं, मुठीपासून पातेल्यापर्यंत. थोरला मेहुणा आधी फिसकला. "म्हंजी दाजी बटाट्यासाटी देवाला लागलं व्हय!" खिडकीत जमलेले शेजारीही हसले. चंद्रा मात्र हसली नाही. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "तुमचं उपास सुटावं म्हून मी दर सोमवारी निरंकार धरत हुते. पानी बी न्हाय घेतलं."

अंगावर पिणारं पोर असताना! मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण माझा आकार पाहता तिलाही ते जमलं नसतं.

सासऱ्यांनी फेटा उचलून झटकला आणि परत बांधायला घेतला.

"डागदर किती खा म्हनला?"

"मूठभर."

"कुनाची मूठ?"

मी हात पुढे केला. त्यांनी तो बघितला आणि सरळ पाळण्यापाशी गेले. "हिची!"

टांगा रिकामाच परत गेला, एवढी लाज राहिली. पाच महिन्यांच्या मुठीत रताळ्याचा एक काप बसतो, तोही पातळ चिरला तर.

पुढे पोर खायला लागल्यावर तिला वरणभात भरवायला मी स्वतः बसू लागलो. शेजारणी आपल्या नवऱ्यांना म्हणायच्या, "बगा, बाप आसावा तर आसा!" मी मान खाली घालून घास भरवायचो आणि तिची मूठ किती वाढली ते बघायचो.