चढाला दत्त्या बोनेटवर

आईशप्पत, सांगतोय त्यातलं एक अक्षर खोटं न्हाई. म्हंजे, निम्मं मी डोळ्यानं बघितलंय. राहिलेलं निम्मं दत्त्यानं सांगितलंय, आणि दत्त्या तवा डोळं मिटून बसलेला. तेवढं धरून चाल.

आणि चुळबुळ करू नगंस गड्या. हे बाकडं आपल्या दोघांच्या वजनावर उभं हाय.

आमच्या ट्रॅक्टरवरचं किस्सं उसागत हायती. एकावर एक रचत जायचं. पुरं म्हणावं, तवर कोणतरी वर अजून एक मोळी टाकतंय, आणि पुढची चाकं वर!

*

संभातात्या म्हंजे आमच्या शिराळ्याकडचं ड्रायव्हर. ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांत ऊस, आणि कारखान्याच्या वाटंवर कालव्याचा चढ. मी आपला मडगार्डवर. काम काय? काय न्हाई. बडबड.

पहिल्यांदा चढाला पुढची चाकं उचलली तवा तात्या आरडलं, "मोठा दगूड बघ रं, पुढं ठिवाय!"

मी उतरलो, तर मागनं चालत दत्त्या आला. आमच्या वर्गातला. वर्गात त्याचं बाकडं त्याच्या एकट्याचंच असायचं.

"तात्या, कारखान्यापतूर सोडताय का?"

तात्यानं त्याला खालनं वर बघितलं. "बस की. पुढं बस."

बोनेटवर पोतं टाकलं, दत्त्या बसला, चाकं टेकली. "आता कुणी हालू नगा!" तात्या म्हणलं. दत्त्यानं भ्यानं डोळं मिटलं, ते कारखान्याच्या गेटावर उघडलं.

तवापासनं दगूड हुडकायचा बंद.

*

चाकं उचलली की ट्रॉलीवाली सगळी म्हणायची, "ओव्हरबॅलन्स झालं." दत्त्याला राहवंना. "माझ्यामुळं नेमकं काय हुयाचं थांबतंय, मला कळाय पायजे!"

म्हणून त्याला घिऊन सांगलीला, विश्रामबागेत माझ्या ताईकडं गेलो. ती कॉलेजात इंग्रजी शिकवती.

ताई म्हणली, "दोन अर्थ. एक, एका बाजूचं वजन दुसऱ्या बाजूला भारी पडणं. दुसरा, तोल जाऊन पडणं."

"आणि मधी?"

"मधी काय?"

"भारी पडल्यावर, पण पडायच्या आधी. त्याला काय म्हणत्यात? मी रोज तिथंच असतोय."

ताईनं पुस्तक मिटलं आणि चहा टाकाय आत गेली.

*

कारखान्यात आधी भरला ट्रॅक्टर काट्यावर घेत्यात, ऊस उतरला की रिकामा घेत्यात. फरक तेवढा ऊस. आता, भरल्या खेपंला दत्त्या बोनेटवर. रिकाम्या खेपंला दत्त्या टपरीवर, भजी खात. म्हंजे दत्त्या रोज उसात जायाचा!

एक दिवस काटावाल्यानं खिडकीतनं मुंडकं काढलं. "संभातात्या, बोनेटवर काय हाय?"

तात्या न हसता म्हणलं, "खोडव्याचा ऊस."

काटावाल्यानं दत्त्याला नीट निरखला. "साखर किती पडंल ह्याची?"

*

शिवरात्रीला दत्त्यानं कडक उपास धरला. नुसतं पाणी. सांच्याला तात्या स्वता त्याच्या घरी ताट घिऊन हजर. साबुदाणा, बटाटा, रताळं, केळी, वर शेंगदाण्याचं लाडू.

"तात्या, देव रागवंल."

"देव समजून घील रं. चढ समजून घीत न्हाई."

*

आता खरं दुखणं ऐक. दत्त्याला लोणंदचं स्थळ आलं. पोरगीचा बाप रिटायर सुभेदार. दत्त्याचा फोटु गेला, त्यातबी डोळं मिटलेलं. निरोप आला, "पोरगं बरं हाय, पण लय सुटलंय. महिन्याभरानं समक्ष बघू, मग ठरवू."

त्याआधी तीन स्थळं ह्याच एका कारणानं मोडलेली. चौथं मोडलं असतं तर त्याच्या आईनं पोराचं लगीन ह्या विषयावर बोलणंच सोडलं असतं.

दत्त्या पळाय लागला. सकाळी पळायचा, रात्री पळायचा, जेवताना उभा राहून पाय हलवायचा. घरात वजनकाटा आणला. मी गमतीनं त्याच्या चकतीत चिंगम चिकटवलं. सुई जुन्या वजनावर गच्च!

दत्त्या रोज चढायचा, सुई बघायचा आणि येड्यागत परत पळत सुटायचा. त्याला झोप न्हाई, बसणं न्हाई. तात्याबी रोज येऊन सुई बघायचं. "हाय तेवढाच हाय. टाका अजून एक मोळी!"

दिसाय वाळला व्हता. पण काट्यापुढं डोळ्याचं कोण ऐकतंय?

*

पावणं यायचा दिवस. रीत अशी की पोरगी येत न्हाई. पण ही निघाली. म्हणली, "तुमी घर बघा, मी पोरगं बघती."

पावणं दुपारी येणार म्हणून दत्त्या सकाळच्या खेपंला आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बुडाखाली पोतं. कालव्याच्या चढाला लागलो आणि दत्त्यासकट चाकं वर! तात्या आरडलं, "दत्त्या, नीट बस की रं!"

"नीटच बसलोय तात्या!"

मागं एक जीप हॉर्न वाजवत थांबली. त्यातनं एक भारदस्त मिशीवालं उतरलं. "क्या हो रहा है? रस्ता सोडा!"

तात्या म्हणलं, "आवं पावणं, वराडताय कशाला? जरा पुढं बसा की."

मिश्यांनी चाकं बघितली, बाह्या सारल्या आणि दत्त्याशेजारी चढून बसलं. चाकं खाली आली, पण वीतभर राहिलीच. तवर जीपमधनं एक पोरगी उतरली. "आण्णा, सरका." बसली. चाकं टेकली!

"आता कुणी हालू नगा!"

ट्रॅक्टर हळूहळू चढाय लागला. सुभेदारांनी शेजारच्याला इचारलं, "काय हो, दत्ता म्हणून पोरगं हाय का गावात? फोटुत लय जाड दिसतंय."

दत्त्याचं डोळं मिटलेलं. "हाय."

"कसं हाय?"

"जाड हाय. पण गरजंला कमी पडतंय."

पोरगीनं वाकून त्याचं तोंड बघितलं. "आण्णा, ह्योच हाय त्यो. फोटुतबी असाच बसलेला."

सुभेदार ताडकन उठाय लागलं. तात्या जीव खाऊन आरडलं, "उठू नगा! काय ठरवायचं ते चढ संपंस्तोवर बसूनच ठरवा!"

आणि ठरलं की! चढ संपायच्या आत.

आता दर सीझनला सुभेदार लोणंदहून येत्यात. तात्यानं सांगितलंय, मानपान काय नगं, फकस्त पुढं बसा. एका बाजूला जावई, एका बाजूला सासरा, दोघांचं डोळं मिटलेलं.

पोरगी? ती का बसंल पुढं? ती ट्रॅक्टर चालवती. तात्या माझ्या जागंवर, मडगार्डवर.

चल, चहाचं पैसं दे आता. आरं, आरं, उठू नगंस! बसल्या जागंवरनं दे, तू उठलास की मी—