चिखलात रुतलेली जीप आणि आम्ही दोघी जावा

पोरींनो, नखांत अजून चिखल हाय, पण सांगितल्याशिवाय राहवेना!

मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, पाठीवर सॅक लावून अंदमानची बेटं फिरतोय. तेही भर पावसात. सगळं अंथुर्णे गाव हसलं. पण ऊसवाल्यांच्या घरात हिवाळाभर तोडणी आणि कारखान्याची घाई. सवड मिळते ती पावसाळ्यातच.

निघताना आत्या, म्हणजे आमच्या सासूबाई, एवढंच म्हणाल्या, "तितं अडकलात तर कोण हाय तुमचं?"

आणि आज अडकलोच! पुढच्या बेटाकडे जाणारी शेवटची बोट सुटायला आलेली, आणि जेटीच्या वाटेवर आमची जीप चिखलात रुतली. ड्रायव्हर जेवढी रेस दाबेल, तेवढं चाक आणखी खाली. शेवटी तो माणसं बोलवायला निघाला.

जाऊबाईंनी त्याला थांबवलं आणि माझ्यावर ओरडल्या, "आगं, बघतीस काय? उसाची ट्रॉली रुतल्यावर काय करतो आपण?"

चाकाखाली पाचट टाकतो! इथं उसाची वाळकी पानं कुठली? पण नारळाच्या झावळ्या ढीगभर पडलेल्या. ओढून आणल्या, चाकांखाली कोंबल्या, मागून खांदा लावला. जीप एका दमात बाहेर! चिखल आमच्या तोंडावर, पण बोट मिळाली.

बोटीत बसल्या बसल्या घरी फोन लावला.

"आत्या, अडकलो व्हतो."

"आगं बाई! मग कोण आलं सोडवायला?"

"कुणी न्हाय. आमीच निघालो."

पलीकडनं हळूच आवाज आला, "पुढच्या पावसाळ्यात मला बी न्या."

तर बायांनो, तिसरी सॅक कुठल्या रंगाची घेऊ?