बारा पिशव्या, एकच माती

अकराव्या ग्लासातही तोच आकडा आला, तेव्हा मी मशीनला मोठ्याने शिवी घातली. विश्रांतवाडीतली आमची माती परीक्षणाची लॅब जेमतेम दोन खोल्यांची. बाहेरच्या खोलीत बसलेल्या दातार सरांना, म्हणजे लॅबच्या मालकांना, ती शिवी व्यवस्थित ऐकू गेली.

“काय झालं, मॅडम?”

“बारा शेतांची माती आहे सर. सगळ्यांचे आकडे सारखे येतायत.”

“मग चांगलंच आहे की.”

“सख्ख्या भावांच्या बांधाला बांध लागलेल्या शेतांचेही इतके सारखे येत नाहीत.”

“मशीन बघा,” म्हणाले, आणि पुन्हा फोनला लागले.

बघितलं. हे मशीन काय करतं ते सांगते, अवघड नाही. मातीत पाणी घालून ढवळायचं आणि त्या पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजायचं. मातीत क्षार, म्हणजे मीठ म्हणा हवं तर, जितके जास्त तितका आकडा मोठा. आकडा फार मोठा आला की पिकाच्या मुळांना पाणी ओढता येत नाही. मी मशीन धुतलं, पुसलं, ठरलेल्या द्रावणात बुडवून तपासलं. ठीक. तरी चैन पडेना. खिडकीतल्या कोरफडीच्या कुंडीतली चमचाभर माती काढून मोजली. आकडा एकदम निराळा. म्हणजे मशीन बिचारं खरं बोलत होतं, खोटं पिशव्यांतच होतं.

पिशव्या पुण्याबाहेर, मांजरी गावाच्या पुढच्या एका गावातून आल्या होत्या. बारा शेतकरी. कुणाचे पंधरा गुंठे, कुणाचे तीस, सगळ्यात मोठं शेत दीड एकराचं. एका संस्थेने त्यांचा गट केला होता. सगळ्यांनी ढोबळी मिरची लावायची, ठिबकच्या नळ्या संस्था देणार, माल एकाच टेम्पोतून शहरात जाणार. पंधरा गुंठेवाल्याला एकट्याला टेम्पो परवडत नाही, बाराजणांना मिळून परवडतो. अट एकच होती, ज्या शेतात क्षार मर्यादेपेक्षा जास्त, ते शेत बाहेर. रोपं सोमवारी नर्सरीतून उचलायची होती. त्याआधी माझ्या सहीचा रिपोर्ट हवा होता, आणि आज गुरुवार होता.

संस्थेच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना, कुलकर्णींना, फोन लावला.

“मॅडम, सगळे पास आहेत ना?”

“आकड्यांनी पास आहेत.”

“मग करा की सही.”

“ही बारा शेतांची माती नाही, कुलकर्णी.”

“अहो, पंधरा-पंधरा गुंठ्यांचे तुकडे ते. त्यात एवढं काय वेगळं असणार?”

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. या माणसाने पंधरा गुंठे कधी चालून बघितले होते की नाही कोण जाणे. “रिपोर्ट सोमवारी सकाळी मिळेल,” म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच घरी परत गेला. सही केली आणि एखाद्याची रोपं जळाली, तर नाव माझं. नाही केली आणि रोपांचं वय होऊन गेलं, तरी नाव माझंच.

शुक्रवारी सकाळी स्कूटर काढून गावात गेले. गटाचे प्रमुख तात्या, दीड एकरवाले ते हेच. बोअरवेलही त्यांचीच आणि त्याच पाण्यावर सगळा गट चालणार होता. पडवीत चार-पाच जण बसले होते. त्यांच्यात एकच बाई होती, शालन. नाल्याकाठचे पंधरा गुंठे तिचे.

“तात्या, माती कशी काढलीत?”

“तुमच्या कागदावर लिव्हलंय तशीच.”

आमच्या कागदावर लिहिलेलं असं: शेतात आठ-दहा ठिकाणी खड्डे घ्या, माती एकत्र कालवा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. उरलेली पुन्हा कालवा, अर्धा किलो उरेपर्यंत. म्हणजे एका पिशवीत अख्ख्या शेताची माती येते.

“एकेका शेताची वेगळी काढलीत ना?”

तात्या तपकिरीची डबी उघडू लागले.

“गटाची काढली,” शेवटी शालनच बोलली. “समद्यांची ताडपत्रीवर वतली, कालवली, चार भाग केलं, आन् बारा पिशव्या भरल्या.”

मी कपाळावर हात मारला. हसू येत होतं आणि संतापही येत होता. इतकी वर्षं माती तपासतेय, नमुन्यात शेणखत मिसळणारे पाहिले, शेजाऱ्याची माती आणणारे पाहिले. अख्ख्या गावाच्या मातीची भेळ करून आणणारे पहिल्यांदाच बघत होते.

“अहो, पण का?”

“हिच्यासाठी,” तात्या म्हणाले. “हिचं रान नाल्याकडंला. पीक बघा कसं खुरटलंय. हिचं नापास होणार हे शेंबड्या पोरालाबी कळतंय. नापास झालं की हिचा मालक रान बिल्डरला देणार. त्यो तर सही करायलाच टेकलाय.”

“आणि हिचं रान मधोमध,” दुसरा म्हणाला. “ते गेलं की पायपलाइन कुठनं न्यायची? पलीकडची चार रानं कोरडी.”

तेव्हा मला प्रकरण कळलं. एक तुकडा निसटला की बाकीचेही निसटणार. शालनचा नवरा खराडीला एका कंपनीत वॉचमन, पगार कधी वेळेवर कधी नाही. घर चालायचं ते तिच्या मेथी-कोथिंबिरीवर. मुलगी नर्सिंगला होती तीही त्याच पंधरा गुंठ्यांच्या जोरावर.

“तात्या, तुमचं मन चांगलं आहे. पण तिथे खरंच क्षार असतील तर तिची रोपं महिन्याभरात मरतील. मग काय कराल?”

“मॅडम, जाऊ द्या ना...”

“कशाला जाऊ द्या?” शालन ताडकन उठली. “काढा माझी माती. माझ्यासमोर काढा. काय हाय ते मला तरी कळू दे. दोन वर्सं झाली, जो येतो तो माझ्या रानाला नावं ठेवतोय.”

दिवसभर फिरून मी बारा शेतांची माती स्वतः काढली. वेगवेगळी. प्रत्येक पिशवीत मालकाच्या हातची नावाची चिठ्ठी.

शनिवार फार वाईट गेला. ओली माती मोजता येत नाही. उन्हात किंवा ओव्हनमध्ये सुकवलीत तर तपासणीतले काही आकडे बिघडतात, सावलीतच सुकवावी लागते. बारा वर्तमानपत्रांवर बारा ढीग पसरून मी पंखा लावला आणि नुसत्या येरझाऱ्या घातल्या. दर अर्ध्या तासाने हात लावून बघत होते. कुलकर्णींचे चार फोन आले. दातार सर एकदा आत डोकावले, म्हणाले, “मॅडम, माती आपली सुकते. आपण बसलात तरी चालेल.”

रविवारी दुपारी मोजलं. शालनची चिठ्ठी सातव्या ढिगावर होती. आकडा बघायचा धीर होईना, मी डोळे बारीक करून बघितला.

पास. चांगली पास. काठावर वगैरे नाही.

आणि तात्या नापास. दणदणीत.

मी तीनदा मोजलं. मग डोक्यात प्रकाश पडला. बोअरचं पाणी मी शुक्रवारीच बाटलीत आणून तपासलं होतं, त्यात दोष नव्हता. तात्यांचं शेत काळं, सखल. वीज आली की मोटर सुरू, उसाला पाणीच पाणी, वर खताचा भरपूर मारा. पाणी बाहेर जायला वाट नाही. ते तिथेच साचतं, उन्हाने वर चढून उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. शालनकडे स्वतःची बोअर नाही, तिच्या शेताला पुरेसं पाणी मिळालंच नव्हतं, पीक खुरटं होतं ते त्यामुळे. आणि पावसाचं जे पडेल ते क्षार धुऊन नाल्यात निघून जात होतं. ज्या नाल्याला सगळे दोष देत होते, त्यानेच तिची माती राखली होती.

तशीच गावात गेले. पडवीत बाराही जण होते. सांगितलं. शालनने पदराने तोंड दाबलं, डोळे मात्र वाहत होते. तात्यांचा चेहरा उतरला.

“पिशवी बदलली असंल.”

“चिठ्ठी तुमच्या अक्षरातली आहे, तात्या.”

मग ते उठले. “बरं. मी बाहेर. मग माझी बोअरबी बाहेर. तुमचं तुमी बघा.”

पाणी नाही तर गट नाही, रोपं उद्या यायची. मी खरं बोलले आणि अकरा घरांचं वाटोळं केलं, असंच वाटलं मला त्या क्षणी.

“मॅडम,” शालनने डोळे पुसत विचारलं, “तात्यांचं रान सुधारायला काय करावं लागंल?”

“चर खणायचे, साचलेलं पाणी बाहेर काढायचं. ताग पेरून मातीत गाडायचा. आणि मुख्य म्हणजे पाणी तोडायचं. ऊस बंद.”

“म्हंजे यंदा तात्यांच्या बोअरचं पाणी तात्यांच्याच रानाला चालत न्हाई?”

“तागापुरतं चालेल. जास्त नाही.”

ती तात्यांकडे वळली. “मग त्या पाण्याचं लोणचं घालणार हाय का, तात्या? माझ्यापायी तुमी समद्या गावाची माती कालवली. आता मी तुमच्या रानात चर खणायला येते. आमी समदी येतो. पाणी आमच्याकडं सोडा, तुमचं रानबी वाचंल.”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. “खरं हाय का हे?”

“डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगावं तसं आहे, तात्या. तुमच्या शेताला पथ्य आहे.”

त्यांनी तपकिरीची डबी चाळवली. मग म्हणाले, “उद्या रोपं किती वाजता यायची?”

सोमवारी सकाळी रिपोर्ट दिला. अकरा शेतं पास, एक नापास, सही माझी. कुलकर्णी म्हणाले, “सरासरीने सगळेच पास होते, मॅडम. उगाच चार दिवस घालवलेत.” मी म्हटलं, “सरासरीत मिरची लावता येत नाही.”

संध्याकाळपर्यंत अकरा शेतांत रोपं लागली. बाराव्यात चर खणायला अकरा घरांतली माणसं आली, हे मला शालनने फोनवर सांगितलं. तात्यांची माती दोन पावसाळ्यांनी पास झाली. शालनचे पंधरा गुंठे अजून तिचेच आहेत. बिल्डरचा माणूस अजूनही येतो. नवरा त्याला म्हणतो, बायकोला विचारा. आणि बायको त्या वेळी शेतात असते.